भट्टी मी बंद केली होती

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे ठोकमामा म्हणायचे. कार्बनचा प्रत्येक ठोकळा भट्टीतून निघाला की मामा त्यावर लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचे आणि कान लावायचे. घंटेसारखा नाद आला तर माल चांगला. बद्द वाजला तर आत तडा. यंत्रं नंतर आली, पण यंत्रानं पास केलेला माल मामांनी नापास केला की साहेब मामांचंच ऐकायचे.

मी दाबयंत्रावर होतो, आणि युनियनचा पुढारी. कोळशाची भुकटी आणि गरम डांबर मळून आम्ही ठोकळे दाबायचो. मला वाटायचं, खरं काम आमचंच, मामा नुसते भट्टीशेजारी बसून पगार घेतात. एकदा तोंडावर बोललोही.

मामा हसले. "पुढारी, तू दाबतोस तो लाडू. हातातून पडला तर फुटेल. दहा दिवस भाजल्यावर त्याचा कार्बन होतो. तासाला तीन-चार अंश, जास्त नाही. डांबरातला वायू हळूहळू बाहेर पडला पाहिजे. घाई केली की तो वाट फोडून निघतो."

"मग झालं पक्कं?"

"कुठलं पक्कं! वायू गेला तिथं बारीक भोकं राहतात. मग टाकीत घालून दाबानं पुन्हा डांबर आत घुसवायचं, पुन्हा भाजायचं. भोकं भरली की ताकद वाढते. आणि शेवटच्या भट्टीत अडीच हजार अंशांच्या वर नेलं, की कण थरावर थर बसतात, ग्राफाइट होतं. तेव्हा ते मऊ पडतं, निसरडं होतं. ताकद कमी, पण घासताना समोरच्या भागाला झिजवत नाही. जितकं तापवू तितकं घट्ट, असं नसतं रे. तू तर तापलास की नुसता फुटतोस."

सगळे हसले. मी नाही हसलो. तो राग मी जपून ठेवला. हे आज लिहितोय. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

संपाच्या दिवशी सकाळी अकराला सगळी खाती बाहेर आली. मामा आले नाहीत. मी चार पोरं घेऊन आत गेलो.

"दोन दिवस दे," मामा म्हणाले. "चारशे अंशांवर आहे, वायू निघतोय. आत्ता थांबवलं तर सगळा माल तडकेल. मी संपातच आहे, हवं तर पगार घेत नाही."

"भट्टी कुणाच्या बापाची? मालकाची! चमचेगिरी पुरे!" असं ओरडून मी मेन खटका खाली ओढला. मामा खटक्याकडे धावले, तर पोरांनी त्यांना अडवलं. मग फाटकावर त्यांना उभं करून मी पन्नास माणसांदेखत मालकाचा माणूस म्हटलं. ते मान खाली घालून उभे राहिले.

चार दिवसांत संप जिंकला. करारात होतं, संपकऱ्यांवर कारवाई नाही. मात्र मालाची नासधूस करणाऱ्याला माफी नाही. सही माझीच.

भट्टी उघडली. मामांनी एकेक ठोकळा ठोकला. बद्द. बद्द. एकशे चाळीस ठोकळे, एकही वाजला नाही. साहेबांनी सगळ्यांना कचेरीत बोलावून विचारलं, "बंद कुणी केली?"

मी टेबलाच्या अलीकडेच बसलो होतो. मनात म्हणालो, मी गेलो तर युनियन जाईल. खोटं. माझी नोकरी गेली असती एवढंच. चार पोरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

मामा म्हणाले, "पाळी माझी होती."

जुना माणूस म्हणून त्यांना नोकरीवर ठेवलं, पण पॅकिंगला टाकलं. सहा वर्षं ते खोक्यांना पट्ट्या मारत होते. भट्टीवर नवा माणूस आला. मामी एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हल्ली घरातले कपसुद्धा ठोकून बघतात. वेड लागायचं राहिलंय." मी घाई आहे म्हणून सटकलो.

काल, मामांच्या निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी, त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "मामा, चुकलं माझं. साहेबांना सांगतो."

"परवापासून मी घरी बसणार आणि तू आता सांगणार? साहेबांना काय करायचंय? मला फाटकावर उभं केलं होतंस, तिथं सांग."

आज सकाळी फाटकावर स्टुलावर चढलो. माईक नको म्हटलं. "त्या वेळी भट्टी मी बंद केली. मामा संपात होते. मी खोटा."

पन्नासातले वीसेक जण उरलेत. एकानं विचारलं, "मग सहा वर्षं काय तोंडात गुळणी धरली होती?" एरवी मी त्याची गचांडी धरली असती. आज म्हटलं, "हो, धरली होती."

मामा मागे उभे होते. "ऐकलं," म्हणाले आणि आत निघाले. भट्टी उजवीकडे, पॅकिंग डावीकडे. मामा डावीकडे वळले.