टोपीखालचा चिन्मय

आधी चहा घ्या, मग सांगते. हातात गरम कप असला की माणूस हसताना जरा बेतानं हसतो. कारण मी जी माती खाल्ली आहे ना, ती इथे बडोद्यात, आमच्या तरसाली भागात अजून कुणाला कळू दिलेली नाही!

तर आमचा चिन्मय. नववीतला. सांगितलेलं ऐकेल तर शपथ! 'ऊठ' म्हटलं की वाद, 'दूध पी' म्हटलं की वाद. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "भाभी, मिलिटरी स्कूलमां मूकी दो, सीधो थई जशे." तिथे टाका, सरळ होईल म्हणे! झालं, मला तेवढंच हवं होतं. हे नको म्हणत होते. चिन्मयनं तर अबोलाच धरला. पण मी ऐकतेय कसली? टाकलाच त्याला सैनिकी शाळेच्या वसतिगृहात, बडोद्यापासून पार लांब.

आणि मग घर खायला उठलं हो! भांडायला कुणी नाही. सकाळी सवयीनं दूध जास्त तापवायचे आणि तशीच बघत उभी राहायचे. जिवाला एकच घोर, पोरगं माझ्यावर कायमचं रुसलं तर?

पालकांना भेटायला बोलावलं, तेव्हा नेमका त्याचा वाढदिवसही जवळ आलेला. म्हणजे औक्षण नको का? ताम्हन, निरांजन, कुंकू, लाडू, थर्मासमध्ये दूध, सगळं घेतलं. वाटभर रडले. पुसून पुसून कंटाळले आणि चष्मा पर्समध्ये टाकला.

हे गाडी लावायला गेले. मला कुठला धीर! मैदानावर पोरं उभी. सगळ्यांचं डोकं भादरलेलं, टोप्या भुवयांपर्यंत, सगळी उन्हानं काळवंडलेली. एक दिसला. तीच उंची, तेच बाहेर आलेले कान! धावत जाऊन मिठीच मारली.

"किती वाळलास रे सोन्या!"

"येस, मॅडम."

मॅडम? पोटच्या पोरानं मॅडम म्हणावं? म्हटलं, राग आहे, काढू दे बापड्याला.

"वाक जरा." वाकला. टोपी जरा वर सारून कुंकू लावलं, ओवाळलं. "आ कर." केला. अख्खा लाडू आत! "दूध?" गटागटा प्यायला! हूं नाही की चूं नाही. मी रडतेय आणि हसतेय. तेवढ्यात हे आले.

"अहो, बघा तरी! कसला गुणी झालाय!"

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण आहे हा?"

"कोण म्हणजे? चिन्मय!"

"चिन्मय तुझ्या मागे उभा आहे."

वळले. चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. चिन्मयच होता हो! टोपी हातात घेऊन उभा. आणि समोर कुणा भलत्याच आईचा मुलगा, कपाळावर कुंकू घेऊन ताठ! त्या बिचाऱ्याच्या घरचं कुणी आलंच नव्हतं. "थँक यू, मॅडम," म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसत निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधी आलास रे?" मी चिन्मयला विचारलं.

"तू कुंकू लावत होतीस तेव्हा."

"मग हाक नाही का मारायची?"

"तू इतकी खूश होतीस," तो म्हणाला. "म्हटलं, तुला असाच मुलगा हवा होता ना."

उरलेला लाडू पुढे केला. त्यानं तोही न भांडता खाल्ला. त्याचंच जास्त वाईट वाटलं मला.

परतताना बडोदं जवळ आलं तेव्हा मीच म्हटलं, "अहो, घरी घेऊन येऊ या का त्याला?"

"आणू की," हे म्हणाले. "पण आपलाच आणू."