हरणाबाई आणि चौथं शुभवर्तमान

सांगलीहून मिरजेच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला तेव्हा एक लांबलचक दगडी भिंत दिसे. भिंतीच्या आत मिशनची शाळा होती. पाळक आणि उपदेशक तिथे तयार होत. पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि मी तिथल्या विद्यार्थ्यांच्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवत असे. विद्यार्थी म्हणजे पोरंसोरं नव्हेत. बहुतेक मिशा राखलेले, संसारी, आवारातल्या चाळीत बायकामुलांसकट राहणारे.

व्हरांड्यात नियमांची पाटी टांगलेली होती. तंबाखू, मिश्री, जत्रा आणि तमाशा यांना मनाई होतीच; शिवाय खोलीत शेळी बांधू नये, पाहुणा तीन दिवसांहून अधिक ठेवू नये, नळावर मोठ्याने बोलू नये, हेही होतं. हा शेवटचा नियम नळाला पाणी नसताना चांगला पाळला जाई. आणि एक नियम विद्यार्थ्यांना सगळ्यांत जड वाटे: ज्याची बायको बायकांच्या तोंडी परीक्षेत उतरणार नाही, त्याला नेमणूक नाही. उपदेशक खेड्यात गेला की तिथल्या बायकांना शिकवायचं काम त्याच्या बायकोवरच येई, म्हणून ही अट.

हरणाबाई पलूसकडची. उंच, सडपातळ, झपझप चालणारी. नियम पाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मिश्री सोडली तेव्हा आठवडाभर डोक्याला फडकं बांधून वर्गात बसली, पण हू की चू केलं नाही. तिची आई आली की तीन दिवस राहायची, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठोडं घेऊन सर्वांच्या देखत फाटकाबाहेर पडायची, गावात एका नातेवाइकाकडे रात्र काढायची आणि सकाळी परत यायची. मी एकदा विचारलं तर हरणाबाई म्हणाली, "ती कालची पाहुणी गेली की बाई. ही आजची हाय."

तिचा नवरा नाथाजी चार वर्षं पलटणीत सामानाच्या खेचरांवर होता. लढाई संपल्यावर सुखरूप परतला. पुढे दोघांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नाथाजीचा योहान झाला. हरणाबाईलाही मडमबाईंनी हन्ना हे नाव सुचवलं होतं. मडमबाई म्हणजे शाळेच्या मोठ्या साहेबांची पत्नी, बायकांच्या वर्गावर देखरेख त्यांचीच. हरणाबाई म्हणाली, "माझं नाव आज्यानं ठिवलंय. त्यो आता न्हाई. त्येला इचारल्याबिगर कसं बदलू?"

नवऱ्याचं नाव बदललं, आणि अडचण तिथून सुरू झाली.

परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असे: बायबलातली चार शुभवर्तमानं कोणती? वर्गात सराव घेतला की हरणाबाई उभी राही आणि खणखणीत आवाजात सांगे, "मत्तय, मार्क, लूक आणि चौथं आमच्यातलं."

वर्गातल्या बायकांना यात काही चुकलंय असं वाटत नसे. चौथं योहानचं, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? मडमबाईंना मात्र वाटलं की हिला ते अक्षर येत नाही. त्यांनी तिला पाटीवर योहान असं लिहायला लावलं. तिनं पाटी भरून दिली. अक्षर माझ्यापेक्षा सुबक. मग 'वाचा' म्हटल्यावर पाटीकडे पाहून गालात हसत उभी.

वाचायला लावलं की आणखी घोटाळा. "देवानं पाठवलेला एक माणूस होता, त्याचं नाव..." इथे थांबून ती पदराचं टोक चावी, आणि पुढच्या शब्दावर उडी मारी. गायनपुस्तकातल्या गीतांत जागोजाग 'नाथा' येतं, तिथेही ती ओठ मिटून घ्यायची. एका नवऱ्याची दोन नावं, आणि दोन्ही वर्ज्य.

शेवटी मी मडमबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या मराठी फार शुद्ध बोलत, पुस्तकातल्यासारखं. म्हणाल्या, "तर मग हीच ती जुनी रूढी आहे. जी बाई प्रेषिताचे नाव घेण्यास भिते, ती खेड्यातील स्त्रियांना काय शिकवील? परीक्षेत तिने ते नाव उच्चारलेच पाहिजे."

कुंडलजवळच्या एका खेड्यात उपदेशकाची जागा रिकामी होती, आणि ती योहानला मिळावी असं साहेबांच्या मनात होतं. हरणाबाईचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. ही परीक्षा गेली तर आणखी एक वर्ष चाळीत, आणि जागा दुसऱ्याची. योहान बिचारा काकुळतीला आला. चाळीच्या पायरीवर दोघांचं चाललेलं माझ्या कानावर पडलं.

"अगं, मीच सांगतोय न्हवं? बोल की नाव. माझी परवानगी हाय."

"तुमच्या परवानगीनं तुमचं आयुष्य वाढतंय व्हय?"

"ही अंधश्रद्धा झाली. वर्गात शिकवलंय आमाला."

"शिकवू दे की. चार वर्सं लढाईत व्हता तुमी. गावात सगळ्या बाया इचारायच्या, नाथ्याची बायकू तू न्हवं? मी नुसती मान हालवायची. एकदाबी तोंडातनं नाव काढलं न्हाई. आला का न्हाई परत?"

योहाननं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "पण तवा नाव दुसरं हुतं."

"माणूस त्योच हाय न्हवं," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला लागली.

योहान उठला आणि घागर घेऊन नळाकडे गेला.

परीक्षेच्या दिवशी साहेब, मडमबाई आणि थोरले पाळक बिराप्पा टेबलामागे बसले. बिराप्पांच्या पत्नी मनुबाई शेजारी खुर्चीवर होत्या. त्या चाळीतल्या सगळ्या बायकांच्या सासूसारख्या. नवरे मंडळी खिडक्यांबाहेर घुटमळत होती. नियमाप्रमाणे त्यांनी तिथे थांबायचं नव्हतं, म्हणून प्रत्येकजण कुठेतरी निघाल्यासारखा उभा होता.

हरणाबाईनं विचारलं ते सगळं सांगितलं. दहा आज्ञा सांगितल्या, येशूचे दाखले सांगितले, तापाच्या पोराला काय द्यावं तेही सांगितलं. मग मडमबाई म्हणाल्या, "चार शुभवर्तमाने सांगा."

"मत्तय, मार्क, लूक."

"आणि चौथे?"

हरणाबाई जमिनीकडे बघू लागली. खिडकीबाहेर योहाननं टोपी काढून हातात धरली. मडमबाई थांबल्या, पुन्हा तेच विचारलं, आणि मग हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण नियम त्यांचाच होता, त्यामुळे त्यांना मागे येता येईना.

तेवढ्यात मनुबाई खुर्चीवर सरकून बसल्या आणि लग्नघरात म्हणतात तशा सुरात म्हणाल्या, "घे की गं नाव. किती आढेवेढे घेशील? एवढी माणसं खोळंबलीत."

हरणाबाईनं चटकन वर बघितलं. तिला आजवर 'वाच' म्हटलं होतं, 'उच्चार' म्हटलं होतं, 'सांग' म्हटलं होतं. 'नाव घे' असं रीतीनं कुणी म्हटलंच नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"येरळेच्या काठाला जोंधळ्याचं रान,
लढाईतनं घरी आले माझे योहान."

वर्गातल्या बायका खूश झाल्या. बिराप्पा पाळकांनी खोकला आल्यासारखं केलं. साहेबांना अर्थ कळायला थोडा वेळ लागला, मग त्यांनी टेबलावर थाप मारली. "चौथे आले. उत्तम."

मडमबाई मात्र हार जाणाऱ्या नव्हत्या. "ही सुद्धा जुनीच रूढी झाली," असं म्हणत त्यांनी चौथं शुभवर्तमान उघडून पुढे केलं. "आता येथून वाचा."

त्या पानावर ते नाव ओळीआड येतं. हरणाबाई पहिल्या जागी आली, थांबली, आणि मनुबाईंकडे पाहिलं. मनुबाई म्हणाल्या, "घे."

"खोलीम्होरं लावली वांगी, पाणी दिलं छान,
पाटीवरच्या नियमानं वागत्यात योहान."

दोन ओळी वाचून झाल्या की पुन्हा तेच.

"साहेबांच्या बंगल्यात कपबश्यांचं सामान,
धुताना एक तरी फोडतात योहान."

योहान संध्याकाळी बंगल्यावर भांडी घासायला जात असे. मडमबाईंनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. योहाननं टोपी घातली आणि तो खरोखरच कुठेतरी निघून गेला. आता साहेब मोठ्यांदा हसले, आणि हसता हसता मडमबाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मग मडमबाईंनी पेन्सिल उचलली आणि म्हणाल्या, "पुरे. तिला वाचता येते, याविषयी माझी खात्री झाली."

जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी चाळीतल्या बायकांनी हरणाबाईसाठी चहा केला, मडमबाईंनाही बोलावलं. चहा झाल्यावर मनुबाई म्हणाल्या, "मडमबाई, आता तुम्ही घ्या नाव."

"कोणाचे?"

"साहेबांचं. दुसऱ्या कुणाचं?"

मडमबाई साहेबांना सगळ्या आवारात ऐकू जाईल अशी नावानं हाक मारत असत. त्यांना यात काय अवघड? त्या ऐटीत उठल्या, पदर नव्हता म्हणून हातरुमाल सारखा केला, आणि समोर जमलेल्या बायकांकडे पाहिलं. बायका गालांवर हात ठेवून वाट बघत होत्या. मडमबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. काही केल्या नाव बाहेर येईना. शेवटी त्या खाली बसल्या.

कुणी हसणार तेवढ्यात हरणाबाईनं त्यांच्या कपात चहा ओतला.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ती इतर बायकांना म्हणाली. "नवीन हाईत त्या."