एक घागर आणि फोर-व्हीलचा दांडा

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तहसिलीच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव रंगवून बुजवलं होतं, पण उन्हात जरा तिरपं पाहिलं की खालचं ‘उस्मानाबाद’ दिसायचं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. सिव्हिल प्रशासनाच्या मदतीला पाणी वाहायचं म्हणून फौजेतलं आमचं डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, सिकंदराबादहून नांदेडमार्गे लातूरला आलं.

मी क्राफ्ट्समन होतो, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. शाळा हदगावला झाली, बी.ए. नांदेडला. वडील हदगावच्या बाजारात कापसाच्या गाठी वाहायचे. आमच्या घरात डिग्री घेणारा मी पहिला. नांदेडला आमच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय थांबला तेव्हा हदगावची एस.टी. समोरून गेली. मी नुसता हात केला. आपल्याच मुलखात वर्दी घालून पाणी वाटायला मिळतंय, याचाच मला फार आनंद होता.

माझी गाडी म्हणजे पाण्याची टाकी बसवलेला जुना फोर-बाय-फोर ट्रक. ड्रायव्हर लान्स नायक महादप्पा, लातूरजवळच्या मुरुडचा. जातीने लिंगायत, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, तोंडात सदा काहीतरी टोमणा. मला तो नावाने कधी हाक मारत नसे. “काय बीए, आज इंजिनाला कविता ऐकवली का न्हाई?” हे त्याचं रोजचं गुड मॉर्निंग.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे फिलिंग पॉइंटवर टाकी भरायची, गावं करायची, सांजेला परत. आमच्या सुभेदार साहेबांनी पहिल्याच फॉल-इनला, म्हणजे हजेरीला, ऑर्डर दिली होती, “गाड़ी पर एक बूँद पानी नहीं लगेगा। यह पानी पीने का है।” आम्हा सगळ्यांना ती ऑर्डर पटली. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या असताना आपण ट्रक धुवायचा, हे कुणाच्याच मनाला पटत नव्हतं. धुण्याची परेड बंद झाली आणि तिथेच आमचं चुकलं.

फिलिंग पॉइंटला सांडलेल्या पाण्याने कायम चिखल असायचा. काळ्या मातीचा तो चिखल चाकांनी उडून गाडीच्या पोटाला बसायचा आणि दिवसभराच्या उन्हात विटेसारखा भाजून निघायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर. बाकी रस्ता कोरडा आणि कडक, त्यामुळे फोर-व्हील लावायची, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर द्यायची, वेळच आली नाही. त्यासाठीचा गिअरशेजारचा आखूड दांडा दोन महिने कुणी हलवला नव्हता.

त्या दिवशी आम्ही निलंग्याकडच्या एका गावाला निघालो होतो. मधे मांजरा नदीचं कोरडं पात्र. पलीकडून लोक धावत आले. गावात विहीर खोल करण्याचं काम चालू होतं. यारी, म्हणजे दगड वर काढायची लाकडी क्रेन, मोडून आत पडली आणि काठाचा एक भाग ढासळला होता. लिंबाजी नावाचा माणूस तळाशी होता. पायावर मोठा धोंडा. जिवंत होता, बोलत होता, पण वरून माती अजून सुटत होती. धोंडा हातांनी हलत नव्हता. आमच्याकडे वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, होता आणि इंजिन होतं.

महादप्पाने गाडी सरळ पात्रात घातली. अर्ध्यात मागची चाकं वाळूत बसली. त्याने क्लच दाबला, फोर-व्हीलचा दांडा ओढला. दांडा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. नाही.

मी वायरलेसवर रिपोर्ट दिला. साहेबांनी एक सेकंदही घेतला नाही.

“पानी गिरा दो, गाड़ी हल्की करो। आदमी पहले। ओव्हर।”

महादप्पा खाली उतरून टाकीच्या व्हॉल्व्हपाशी गेला. काठावर सगळं गाव उभं होतं. मी गाडीखाली शिरलो आणि ओरडलो, “थांब. बघू दे.”

“बघ. पण लौकर बघ, बीए.”

आधी मी दांड्याला जोडलेल्या रॉडची पिन काढली. सुटा रॉड हाताने ढकलला तर तो मऊ चालला, आतला गिअर खटकन लागला आणि सुटला. म्हणजे गिअरबॉक्स ठीक होता. अडकला होता तो वरचा दांडा, त्याच्या बिजागरीत. तिथे मातीचं ढेकूळ दगड होऊन बसलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर मारला तर नुसते टवके उडाले. रॉकेल होतं, पण ते मातीच्या वरूनच ओघळून गेलं.

“ही माती पाण्यानंच सुटंल,” मी म्हणालो.

हे ऐकून एक बाई पुढे आली. डोक्यावर घागर, अर्धी भरलेली. विहिरीवर राबणाऱ्यांना पाजायला आणलेलं ते घरातलं शेवटचं पाणी. ती सोजरबाई, लिंबाजीची बायको. महादप्पा तिला म्हणाला, “राहू द्या माय, टाकीतून घेतो.”

“टाकी गावाची हाय,” ती म्हणाली. “हे माझं हाय. हे घ्या.”

मी वेळ घालवला नाही. गोणपाट भिजवून बिजागरीभोवती गुंडाळलं, वरून धार धरली. माती काळी पडली, फुगली. पात्याने खरवडली, तारेचा ब्रश मारला. लोखंड दिसलं तसं रॉकेल सोडलं, मग ग्रीस. महादप्पा वर बसून दांडा हलवत होता. जोर न लावता, बोटभर पुढे, बोटभर मागे.

“हलतंय का?”

“जरासं.”

परत रॉकेल.

“आता?”

“हलायलंय, बीए. व्हय, हलायलंय.”

दांडा सुटला. मी पिन बसवली, ती निसटू नये म्हणून स्प्लिट पिन वाकवली आणि लोळत बाहेर आलो. महादप्पाने फोर-व्हील लावलं, लो रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि जोरकस चाल, टाकली. पुढची चाकं वाळू चावू लागली. ट्रक उठला, टाकीतलं पाणी डचमळलं आणि आम्ही पाण्यासकट पात्र पार केलं. पोरंठोरं, म्हातारे, सगळे गाडीमागे धावत होते. मी पायरीवर लटकून काहीतरी ओरडत होतो. काय, ते मला आजही आठवत नाही.

विहिरीत मी उतरलो. वायर रोप धोंड्याला बांधला, काठावर रोपाखाली लाकडाचा ओंडका. लिंबाजीने माझा खांदा धरला होता. वरून एकजण माझा शब्द महादप्पाला पोचवत होता.

“ताण.”

रोप ताठ झाला. लो रेंजमध्ये ट्रक मुंगीच्या चालीने सरकत होता. दुसऱ्या कुठल्याही गिअरमध्ये झटका बसला असता आणि धोंडा परत त्याच पायावर आला असता. धोंडा वीतभर उठला.

“थांब. धर.”

मी लिंबाजीला काखेत धरून ओढलं. पाय मोडला होता, पण माणूस सुटला. त्याला बाजेवर बांधून वर घेतलं तेव्हा सोजरबाईने आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग बाजूला बसून रडली. महादप्पाने टाकीची तोटी उघडली आणि पहिली घागर तिची भरली.

संध्याकाळी साहेबांनी ऑर्डर बदलली. गाडीमागे रोज एक डबा पाणी, फक्त बिजागरी आणि ग्रीसच्या जागांसाठी. आणि सकाळी निघण्याआधी फोर-व्हील लावून थोडं पुढे, थोडं मागे. महादप्पा त्याला ‘सोजरबाईची परेड’ म्हणायचा.

पुढे आमचं युनिट उत्तरेत गेलं. एका थंडीत बर्फाने रस्ता तोडला. महादप्पाने जखमींची गाडी त्यातून बाहेर आणली आणि दुसरी आणायला परत फिरला. तेव्हा बर्फाची दरड त्याच्यावर आली. मी मागच्या पोस्टवर होतो. त्या सकाळी त्याने परेड केली होती; दांडा हलवताना त्याला मीच पाहिलं होतं.

मुरुडला त्याच्या देहासोबत त्याची चांदीची डबी मी घेऊन आलो. लिंगायतांच्या रिवाजाने त्याला न जाळता शेतात समाधी दिली. गर्दी पांगल्यावर बांधावरून दोन माणसं आली. लिंबाजी लंगडत होता. सोजरबाईच्या डोक्यावर तीच घागर होती, काठोकाठ भरलेली. त्या विहिरीला पुढे पाणी लागलं होतं.

तिने मला ओळखलं. घागर उतरवली आणि समाधीच्या ओल्या मातीवर सगळं पाणी हळूहळू सोडलं.