नावं रंगवलेलं लोखंड

आमच्या विहाराच्या शेडचं लोखंड आधी आलं आणि डिझाइन मागाहून. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच.

मी वराळ्याच्या बाजूला, कारखान्यांची शेड करणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर खांब उभे करायचे, त्यांच्यावर गर्डर टाकायचे, वरून वारा-पावसाचा भार सोडायचा आणि काय हिरवं होतं, काय लाल होतं ते बघत बसायचं. हिरवं म्हणजे पेलतंय, लाल म्हणजे पेलत नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं, सगळं सॉफ्टवेअरच करतं. सॉफ्टवेअर फक्त नाही म्हणतं. का नाही, ते आपणच शोधायचं.

वडगाव आणि लोणावळ्याच्या मधे आमचं गाव. विहाराची खोली लहान, म्हणून वर्षावासातलं ग्रंथवाचन दरवर्षी अंगणात ताडपत्रीखाली व्हायचं. आषाढी पौर्णिमेला सुरू झालं की ऐन पावसाळ्यात रोज संध्याकाळी सगळी वस्ती तिथं जमते. गेल्या वर्षी वाचनाचा मान पहिल्यांदाच माझ्या आईला मिळाला होता. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुपारभर ती घरात पुढची पानं मोठ्यानं वाचून तयारी करायची. मग एका संध्याकाळी लोणावळ्याच्या अंगानं असं वारं आलं की ताडपत्री फाटली, बांबू बायकांच्या अंगावर आला आणि ग्रंथ भिजला. कुणाला फारसं लागलं नाही, पण वाचन तिथंच थांबलं ते थांबलंच. कमिटीनं ठरवलं, आता पक्कं छप्पर झाल्याशिवाय अंगणात बसायचं नाही. आईनं ग्रंथाची पानं चुलीच्या उबेला वाळवली आणि जिथं थांबली होती तिथं लोकरीचा दोरा घालून ठेवला. त्यानंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही, पण तो दोरा मला येता-जाता दिसायचा.

कमिटीचे अध्यक्ष आमच्या वस्तीतले आबा. त्यांनी जाहीर केलं की शेडसाठी ज्यानं त्यानं लोखंड दान द्यावं. आमच्याकडे दान म्हटलं की नाव आलंच. पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर, सतरंजी दिली तर तिच्या कोपऱ्यावर. तसं महिन्याभरात अंगणात लोखंड येऊन पडलं. कुणी कंपनीतून निघालेले जुने गर्डर आणले, कुणी भंगारातून चॅनल, कुणी नवे कोरे पाइप. आणि एकाचा आकार दुसऱ्याशी जुळायच्या आत आबांनी पेंटर बोलावून प्रत्येकावर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं: कालकथित अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. मला निरोप आला तो त्यानंतर. शेड झटकन काढून दे म्हणाले, तुझा तर रोजचाच धंदा आहे.

मी जाऊन पाहिलं आणि डोक्याला हात लावला. अशा मापाचे गर्डर सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हतेच. गंज खरवडून एकेकाची उंची, जाडी मोजली आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून सगळं हातानं भरलं. सॉफ्टवेअरनं पहिल्याच फटक्यात कळवलं की एक सांधा अस्थिर आहे. कुठला, ते सांगितलं नाही. तो सापडेपर्यंत माझे डबे गार झाले. तो बरा केला तर दुसरं काही निघालं. एकदा तर सगळं भरून झाल्यावर कॉम्प्युटर बंद पडला आणि मी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

घरचंच तर होतं. कंपनीतल्या गिऱ्हाइकाला मी सांगू शकतो की तुमचं लोखंड चालणार नाही. आबांना कसं सांगणार? एका घरचा गर्डर खांब म्हणून उभा करायचा म्हटलं, तर त्या घरचा मुलगा म्हणाला, नाव उभं केलं तर वाचणार कसं, माझ्या बापाचं नाव लोकांनी मान वाकडी करून वाचायचं का. दुसऱ्याचा पाइप हातभर कापायचा होता, तर त्याच्या आईचं आडनाव जात होतं. मधे एक खांब द्यावा, सगळं सोपं होईल, असं मी सुचवलं, तर तो बरोबर विहारातल्या बुद्धमूर्तीच्या समोर येत होता. ते मलाही पटलं नाही. निम्म्या बायकांना खांबच दिसला असता. लागेल ते बाजारातून आणू या म्हटलं, तर आबा म्हणाले, लोकांचं दान अंगणात कुजवायचं आणि विकतचं आणायचं, हे बरं दिसतं का? आपलेच दात, आपलेच ओठ. मी घरी येऊन आईवर चिडायचो.

नावं सांभाळत सांभाळत शेवटी मी तीन कमानी बसवल्या. कमान म्हणजे दोन बाजूला दोन खांब आणि त्यांच्यावर उतरते गर्डर. खांब हिरवे झाले, गर्डर हिरवे झाले. लाल राहिले ते सांधे, खांब आणि गर्डर जिथं भेटतात ते कोपरे. सगळ्या बाजूंनी उघडी शेड, वारा खालून घुसून छप्पर उचलायला बघणार, आणि तो सगळा जोर कोपऱ्यातल्या बोल्टांवर येणार. बोल्ट जाड केले, लाल. प्लेट जाड केली, लाल. पौर्णिमा जवळ येत चालली होती आणि लोखंड कापून-जोडून शेड उभी करणारा वडगावचा फॅब्रिकेटर रोज फोन करून विचारायचा की माणसं दुसऱ्या कामाला लावू का. त्याचं म्हणणं, असल्या कितीतरी शेड त्यानं नुसत्या नजरेनं उभ्या केल्यात. खरंही असेल. पण ज्या छपराखाली आई बसणार, ते मी नजरेनं उभं करू देणार नव्हतो.

एक हिरवा तुकडा मात्र त्या सगळ्यात ऐटीत बसला होता. तो बाबांचा गर्डर. बाबा देहूरोडच्या डेपोत कामाला होते. त्यांच्या तिथल्या सोबत्यांनी लिलावातला एक जुना, आखूड पण भरभक्कम गर्डर आईच्या वतीनं विहाराला दिला होता. तो कुठल्याच कमानीत बसत नव्हता. म्हणून आबांनी परस्पर ठरवलं होतं की तो दर्शनी भागी, आत शिरताना डोक्यावर येईल असा लावायचा. आईला ते मनापासून आवडलं होतं. मीही त्याला मॉडेलमधे तिथंच ठेवला होता. त्याच्यावर भारच नव्हता, तर लाल होणार कशानं?

एका संध्याकाळी मी लॅपटॉप घरी आणून त्या लाल कोपऱ्यांकडे बघत बसलो होतो. आई शेजारी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, हे लाल काय दुखणं आहे. मी वैतागूनच सांगितलं. म्हटलं, दाराच्या बिजागऱ्या जवळजवळ लावल्या तर दार निखळतं, लांब लांब लावल्या तर पेलतं, तसंच हे. कोपऱ्यात गर्डरची उंची वाढली पाहिजे, म्हणजे बोल्ट लांब लांब बसतील. फळीखाली तिरका आधार देतात तसे जाड लोखंडाचे तुकडे प्रत्येक कोपऱ्याला खालून जोडले की झालं. पण ते कापायचे कशातून? प्रत्येकाच्या लोखंडावर कुणाचा तरी बाप नाहीतर आई आहे.

ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आन् तुझ्या बापाचा?"

मी म्हणालो, त्यातून निघतील. सगळेच निघतील. जाडीही हवी तशीच आहे. पण तो तुकडे तुकडे होईल, तिरका चिरला जाईल, नाव राहणार नाही. आणि मला एकदम राग आला. आबांचा, पेंटरचा, त्या वाकड्या मानेवाल्याचा. म्हटलं, सगळ्यांची नावं झळकणार आणि आपलंच का कापायचं? त्यांना सांग की त्यांचं कापायला. मी हे करणार नाही.

"काप," ती म्हणाली. "त्येंचं नाव मी रोज घेती. लोखंडानं घ्यायला कशाला पायजे? आन् तितं नुसतं वर टांगून ठिवायचं, तर त्ये बसून खाणारं माणूस न्हवतं."

मी बटण दाबायला बराच वेळ लावला. बाबांचा गर्डर दर्शनी भागातून काढून टाकला, कोपऱ्यांत त्याचे तुकडे बसवले आणि मॉडेल चालवलं. सगळं हिरवं झालं. इतके दिवस ज्या हिरव्यासाठी नाकी नऊ आले होते, ते बघून मला आनंद झाला नाही. मी लॅपटॉप मिटला आणि न जेवता झोपलो.

फॅब्रिकेटरनं गर्डर कापला तेव्हा मी तिथं होतो. 'कालकथित' एका तुकड्यावर गेलं, नाव मधोमध चिरलं, 'स्मरणार्थ' दुसरीकडे राहिलं. मला वाटलं होतं की हे बघून एखादा तरी पुढं येईल आणि म्हणेल, थांबा, आमचंही घ्या. कुणी आलं नाही. आबा म्हणाले, तुझ्या आईचं मन मोठं. मन मोठं म्हटलं की बाकीचे मोकळे होतात, हे मला तेव्हा कळलं. जोडकामावर गंज धरू नये म्हणून लाल ऑक्साइडचा हात बसला, वर राखाडी रंग, आणि होती नव्हती ती अक्षरं गेली. बाकीची नावं पेंटरनं पुन्हा उजळून दिली.

पौर्णिमेला वाचन सुरू झालं. दिवसभर पाऊस होता आणि संध्याकाळी वाराही सुटला. पत्रा वाजत होता, पण हलत नव्हता. मी मागे उभा राहून कोपऱ्यांकडेच बघत होतो, दुसरीकडे नजर जात नव्हती. मूर्तीसमोर खांब नव्हता, शेवटच्या रांगेतल्या बायकांनाही सगळं दिसत होतं. आई माइकशी बसली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मावशीनं मान वर करून सगळी नावं शोधली आणि विचारलं, "तुज्या मालकाचं नाव कुटं दिसंना गं?"

आईनं बोटानं कोपरा दाखवला, मग दुसरा. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं.

"तितं हायेत. जितं समदा जोर पडतो तितं."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. आबा खाली बघत होते. आईनं चष्मा लावला, लोकरीचा दोरा काढून मांडीवर ठेवला आणि फुगलेल्या पानावर बोट टेकवून, गेल्या वर्षी जिथं थांबली होती तिथून वाचायला सुरुवात केली.