यूछिनला मी दिलेला सल्ला

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत असताना आमच्या अपार्टमेंटमधल्या सगळ्यांच्या व्हिसाची मी वकील होते. माझा विषय स्टॅटिस्टिक्स. पण कुणाची बायको यायची असो, कुणाला लग्नासाठी नागपूरला जायचं असो, "सुमित्राला विचार" हे ठरलेलं. मला कुणी नेमलं नव्हतं. पहिल्या वर्षी दोन-तीन फॉर्म बरोबर भरले गेले, आणि मग माझा आवाजच तसा झाला, मोठा आणि खात्रीचा.

यूछिन वरच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा हाओ मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करत होता आणि ती चीनहून डिपेंडंट व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायची नाही. तिशी ओलांडलेली, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. इंग्लिश जपून बोलायची. आम्ही तळघरातल्या लाँड्रीत भेटायचो आणि मी पोचेपर्यंत ती माझ्या चादरींच्या घड्या घालून ठेवायची. मला ती आवडायची. थोडी कीवही यायची, हे कबूल करते.

२००३च्या गणपतीत आम्ही एकांकिका बसवली. दिग्दर्शक अर्थातच मी. त्यात खाटेवर पडून असलेली एक आजारी आई होती, एकही वाक्य नसलेली. ते काम करणाऱ्या मुलीची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली. आयत्या वेळी मी यूछिनला लुगडं नेसवलं, डोक्यावरून पदर ओढला आणि झोपवलं. तिला खोकायला मी शिकवलं. घशातून नको, छातीतून, असं तीनदा करून दाखवलं. ती लक्ष देऊन बघायची, मान हलवायची आणि सांगितलं तसं करायची.

प्रयोगात घर सोडून निघालेला मुलगा, म्हणजे आमचा प्रथमेश, लांबलचक बोलतो. त्याचं भाषण चालू असताना खाटेवरचा हात उठला. त्या हाताने त्याच्या शर्टाचं टोक चाचपडत शोधलं. सापडलं नाही, तसा तो परत चादरीवर पडला. एवढंच. पण हॉलमधली कुजबुज थांबली. माझी रूममेट यामिनी पहिल्या रांगेत तोंडावर हात धरून रडत होती. प्रथमेश आत आला तो चिडूनच. "यार, माझा अख्खा सीन खाल्ला तिने." मी मात्र यूछिनची पाठ थोपटली आणि म्हणाले, "तुझ्यात गुण आहेत. शिकलीस तर पुढे जाशील."

ती हसली होती. आजही ते हसू आठवलं की कानशिलं तापतात.

नोव्हेंबरात ती खाली आमच्याकडे आली. बीजिंगहून पत्र आलं होतं. सिरियलमध्ये काम आहे, मोठं आहे, तीन महिने लागतील, जानेवारीत पोचायला हवं. "जाऊन परत येता येईल का मला?" तिने विचारलं.

मला वाटलं, गणपतीतल्या टाळ्यांनी बाई हुरळली. कुणी ओळखीपाळखीचं असेल, दिलं असेल एखादं काम. मी तिचा पासपोर्ट मागून घेतला, चष्मा पुसला आणि निकाल दिला. व्हिसाचा शिक्का संपलाय, नवा तिकडेच घ्यावा लागेल. नवऱ्याचा विषय असा, शस्त्रांशी जोडता येणारा, की चौकशी लावतात. सहा महिने अडकशील, कदाचित वर्ष. तू तिकडे, हाओ इकडे. "एक सिरियल हुकली तर काय आभाळ कोसळतं? अजून दहा मिळतील." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"नक्की?" तिने विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणाले. स्टॅटिस्टिक्सवाल्या माणसाने कधी उच्चारू नये असा आकडा.

तिने पासपोर्ट परत घेतला, आभार मानले आणि त्याच आठवड्यात नकार कळवला.

फेब्रुवारीत मी आणि यामिनी कोथिंबीर आणायला चिनी दुकानात गेलो. आमच्या गावात कोथिंबिरीची बरी जुडी तिथेच मिळायची. काउंटरमागे व्हीसीडींचे खोके रचलेले होते. त्यातल्या एकावर यूछिन होती. केसांत फुलं, डोळे थेट माझ्यावर. शेजारच्या खोक्यावरही तीच. खालच्या रांगेतही.

"अगं, ही आपली आजारी आई," यामिनी म्हणाली.

दुकानाच्या मालकिणीला आमची तोंडं बघून गंमत वाटली. ही कोण माहीत नाही तुम्हाला? सात वर्षं नायिकेची कामं. दोन सिनेमे. हिची सिरियल लागली की आमच्या गल्लीत माणूस दिसायचं नाही. मग लग्न केलं आणि गेली कुठेतरी निघून, फार वाईट झालं, म्हणाली. ती कुठेतरी म्हणजे आमच्या डोक्यावर, तीनशे चारमध्ये, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

मी थेट वर गेले. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," यूछिन शांतपणे म्हणाली. "पहिल्या दिवशी, लाँड्रीत. मी म्हणाले, मी टीव्हीवर काम करते. तू म्हणालीस, वा, मीही कॉलेजात नाटकं केली आहेत."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. कारण मी नक्की तसंच म्हणाले असणार.

दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन रीतसर विचारलं. तिथल्या बाईंनी कागद बघितले. "बायकोची चौकशी? इतक्यात तरी आमच्याकडे असं झालेलं नाही. दोन-तीन आठवड्यांत नवा व्हिसा मिळाला असता. आम्हाला का नाही विचारलं तिने?"

मी गप्प बसले. ऑफिसातही, आणि नंतर सव्वा वर्ष तिच्यासमोरही. व्हिसाची वकिली मात्र त्या दिवशी बंद केली. लोकांना वाटलं, मला गर्व झाला.

ती सिरियल २००५च्या उन्हाळ्यात त्या दुकानात आली. यूछिनने स्वतःच विकत आणली आणि मला बघायला बोलावलं. एका रविवारी दुपारी आम्ही दोघी सोफ्यावर बसून बघत होतो. नायिका दुसरी कुणीतरी. यूछिन मधेमधे अर्थ सांगत होती, आणि त्या बाईचं कौतुकही करत होती. चौथ्या भागात मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. तू जाऊ शकली असतीस. मी न विचारता बोलले. माझी चूक आहे.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. रिमोट घेतला, सीन मागे नेला आणि आवाज बंद केला. मग उठून टीव्हीच्या शेजारी, कपडे वाळत घातलेल्या स्टँडपुढे उभी राहिली. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलायला लागले, तशी ती बोलायला लागली. मला चिनीचा एक शब्द कळत नाही. पण नवऱ्याला निरोप देणारी बाई खोटं बोलतेय, तो परत येणार नाही हे तिला माहीत आहे, हे मला कळलं. पडद्यावरची रडत होती. यूछिन रडली नाही. तिने फक्त त्याच्या कोटाचं बटण लावून दिलं, जो कोट तिथे नव्हता. मी काय अडवलं होतं, ते माझ्यासमोर तीन मिनिटं उभं होतं.

संपल्यावर ती येऊन माझ्याशेजारी बसली.

"हा सीन त्यांनी पत्रासोबत पाठवला होता," ती म्हणाली. "तुला विचारायला खाली आले, तेव्हा पाठ झाला होता."