ठण्ण, टक, टक

इंग्रजी भाषा पान्याने ठोकून सरळ करता येते असं मानणारा माणूस सबंध पिंपरी-चिंचवडमध्ये एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. साडूभाऊ मूळचे लातूरकडचे, चाकणच्या कंपनीत माझ्याच लाइनवर. जोडून केलेला इंग्रजी शब्द दिसला की ते त्याचे तुकडे पाडतात आणि ठोके देतात. स्क्रू-ड्राय-व्हर : ठण्ण, टक, टक. "पहिल्या तुकड्यावर वजन टाकायचं राव, बाकीचे मागं आपसूक येतेत!" थेरगावहून पहाटे सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सगळे पेंगत असताना हे सीटच्या दांडीवर पान्याने वर्कशॉप, टूलबॉक्स वाजवत बसायचे. एका लग्नात तर मठ्ठा वाढणाऱ्याला त्यांनी पातेल्यावर ठोके देत 'बटरमिल्क' शिकवायला घेतलं. अख्खी पंगत जिलबी हातात धरून ताटकळली होती.

पण या हौसेमागे दुखणं होतं. अकरा वर्षं मशीनचा स्वभाव त्यांच्याइतका कोणालाच कळला नाही, तरी शिफ्ट इनचार्जची खुर्ची दरवेळी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यालाच मिळाली. यंदा परदेशी पाहुण्यांना लाइन दाखवायचं काम साहेबांनी त्यांच्यावर सोपवलं. जमलं तर खुर्ची, नाहीतर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

पाहुणे आले. साडूभाऊंनी स्क्रूड्रायव्हर उचलला. ज्या शब्दाने आमची झोप उडवली, तोच ओठांवर येईना. मला बघवेना. मी मागून पान्याने टेबलावर वाजवलं : ठण्ण, टक, टक. शेजारच्या मशीनवरून तेच आलं, मग त्यापलीकडून. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं पिडलं, ती सगळी लाइन ठोके देत होती. साडूभाऊ "स्क्रूड्रायव्हर!" म्हणाले, आणि मग थांबलेच नाहीत.

खुर्ची मिळाली. आता ते वरच्या केबिनमध्ये बसतात आणि दुसऱ्या बसने येतात. मला वाटलं होतं, चला, बसमध्ये निवांत झोप लागेल. लागत नाही. त्यांची फार आठवण येते. परवा देहूरोड मागे पडलं आणि माझीच बोटं नकळत दांडीवर वाजली. पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेला आमचा वेल्डर मान न वळवता म्हणाला,

"पहिला ठोका जोरात, राव."