तासिकेवरच्या मॅडमचं पत्र

बारावीनंतर ज्या विद्यापीठात मला जायचं होतं, त्याच्या अर्जासोबत विद्यार्थ्याला ओळखणाऱ्या एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं. पोंभुर्ण्यातल्या आमच्या कॉलेजात अशा पत्रासाठी सगळी पोरं फिजिक्सच्या सरांकडे जायची. सर पर्मनंट, त्यामुळे प्राचार्यांचा शिक्का लगेच मिळायचा.

मीही गेले. सरांनी कपाटातून छापील पत्र काढलं. "नाव टाक तुझं. मी सही मारतो."

वडील ग्रामसभेची पत्रकं वाटायचे, न वाचता सही करू नका म्हणून सांगायचे; त्यामुळे सहीआधी मजकूर वाचायची मला सवय. पत्रात मी आज्ञाधारक होते आणि जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळले होते.

"सर, मी कबड्डी खेळतच नाई."

"मंग काय झालं? तिथी तुले मैदानात उतरवून राह्यले का?"

स्टाफरूम हसली. मी पत्र टेबलावर ठेवून आले.

मला ओळखत होत्या त्या बायोलॉजीच्या मॅडम. भद्रावतीहून एसटीने यायच्या, तासिका तत्त्वावर; दरवर्षी नव्याने नेमणूक. अकरावीत मोहफुलं वेचायला मी तीन आठवडे घरी राहिले, तेव्हा सरांनी हजेरीत लाल रेघ ओढली. मॅडम म्हणाल्या, "झाडाखाली काय काय दिसलं, लिहून आण." मी वही भरली. त्यांनी पानापानावर प्रश्न काढले. शिफारसपत्र मी त्यांच्याकडे मागितलं; त्यात ती वही होती, आणि मी उलट बोलते हेही होतं.

प्राचार्यांनी शिक्का उचललाच नाही. "तासिकावाल्यांच्या सहीवर देत नाई."

"सर, त्यांनी शिकवलेलं बोर्डाले चालते, मंग त्यांचं पत्र काऊन नाई चालत?"

"लय बोलतेस तू."

मॅडमना सांगितलं तर त्या माझ्यावरच चिडल्या. "वेडी आहेस का? सरांचं घे. माझ्यापायी सीट घालवू नको." याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. दोन वर्षं अख्खं बायोलॉजी या बाईने शिकवलं, आणि आपल्या सहीला किंमत नाही हे कॉलेजने तिच्याही गळी उतरवलं होतं.

मी त्यांचंच पत्र जोडलं. ऑनलाइन अर्ज भरून देणारा कॉम्प्युटरवाला भाऊ म्हणाला, "बाई, शिक्का नाई याच्यावर. वापस येईन."

"येऊ द्या."

अर्ज परत आलाच. दुरुस्तीला दोन दिवस होते. मी विद्यापीठालाच लिहिलं, की शिक्षक ओळखणारा हवा की पर्मनंट, ते आधी स्पष्ट करा. मुदत संपेपर्यंत उत्तर आलं नाही.

यंदा मी घरीच आहे. मॅडम फोन उचलत नाहीत. पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा भरणार आहे, आणि पत्र त्यांच्याकडेच मागणार आहे.